छापील लावणी आणि गाणारा कंठ

शाहिरी काव्याचे अध्यापन आपल्याकडे बहुधा छापील संहितेवरून होते. जातिरचना, यमके, शृंगार, उत्तर पेशवाई या साऱ्यांची चर्चा होते. मात्र ही रचना कोणत्या आवाजात गायिली जात होती, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. सोलापुरात तरी तो टाळता येऊ नये, कारण राम जोशी (१७६२–१८१२) याच गावचे. तमाशाच्या फडासाठी लावण्या रचणारा आणि पुढे कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या गाणारा हा कवी एकाच कंठाचे दोन निराळे उपयोग जाणत असला पाहिजे. अशा भेदांचा शास्त्रशुद्ध विचार मराठीत ज्यांनी केला, त्यांत डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

रानडे मुळात शास्त्रीय गायक. गजाननराव जोशी यांच्यासारख्या गुरूंची तालीम त्यांना लाभली. आवाजसाधनेचे शिक्षण मात्र प्रा. बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांच्याकडचे. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक ही संस्था काढली आणि पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला. आवाज ही निव्वळ दैवी देणगी नसून श्वास, स्वरयंत्र आणि अनुनाद यांच्या जाणत्या मेहनतीने घडणारी गोष्ट आहे, ही त्यांच्या ‘आवाज साधना शास्त्र’ या ग्रंथामागील भूमिका. या भूमिकेचे महत्त्व शिष्याच्या बाजूने पाहिल्यास कळते. गुरूच्या पट्टीत, गुरूच्याच लकबीने गाण्याचा आग्रह धरला, तर किशोरवयात फुटणारा आवाज किंवा पुरुषाच्या खालच्या पट्टीत कोंडलेला मुलीचा आवाज कायमचा दुखावू शकतो. येथे तालीम हीच इजा ठरते.

रानड्यांनी हा विचार गायनापलीकडे नेला. १९६८ ते १९८३ या काळात ते मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागाचे प्रमुख होते. पुढे राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात त्यांनी काम केले. गायकांप्रमाणेच नटांच्या आणि वक्त्यांच्या आवाजाचाही त्यांनी अभ्यास केला. ‘भाषणरंग’ या ग्रंथात व्यासपीठ आणि रंगपीठ एकत्र येतात, ते यामुळेच. चांगला आवाज म्हणजे गोड आवाज, हे समीकरण येथे उरत नाही. आवाज कशासाठी, कोठे आणि कोणासमोर लावायचा आहे, यावर त्याचे चांगलेपण ठरते.

‘बैठकीची लावणी’ हा त्यांचा कार्यक्रम आम्हांला या दृष्टीने समीक्षालेखाइतकाच मोलाचा वाटतो. उघड्यावरच्या फडात चढी पट्टी, खुला गळा आणि झीलकऱ्यांची साथ हवी. शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे. बैठकीत श्रोता हाताच्या अंतरावर असतो. तेथे तीच ओळ पुन्हा पुन्हा, दर खेपेस निराळ्या वळणाने म्हणता येते, आणि प्रत्येक आवर्तनात अर्थाची एक नवी छटा उलगडते. शब्द तेच राहतात, काव्य बदलते.

यावर एक आक्षेप संभवतो. ध्वनिमुद्रणाचा शोध राम जोशींच्या मृत्यूनंतर सुमारे पासष्ट वर्षांनी, १८७७ मध्ये लागला. मग विसाव्या शतकातील गायकाने उभी केलेली लावणी इतिहास कशी मानावी? आमच्या मते ती पुरावा नव्हे, अन्वयार्थ आहे. परंतु छापील पान हाही एक अन्वयार्थच आहे. त्याने आवाज वगळला एवढेच.

मराठीबरोबरच कन्नड आणि तेलुगू घरांतून येणारे विद्यार्थी सोलापूरच्या वर्गांत असतात. कविता मोठ्याने वाचताना त्यांचा हेल ‘सुधारला’ जातो, आणि अनेकदा ते पुन्हा वाचायला उठतच नाहीत. शिष्याला गुरूचा आवाज देण्यासारखीच ही चूक आहे. त्यापेक्षा त्यांच्याकडून एकच लावणी दोनदा म्हणवून घ्यावी : एकदा शेवटच्या बाकासाठी, एकदा शेजाऱ्यासाठी, आणि अर्थ कोठे बदलला, ते त्यांनाच सांगू द्यावे.