स्ट्रुथिओलॅरिइडी

स्ट्रुथिओलॅरिइडी हे मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील सागरी गोगलगायींचे एक लहान कुल आहे. दक्षिण गोलार्धातील समशीतोष्ण व थंड समुद्रांत त्याच्या मोजक्याच जाती आज जिवंत आहेत. शंखाच्या मुखाची जाड कड शहामृगाच्या पावलासारखी दिसते, म्हणून लॅटिन भाषेतील शहामृगवाचक शब्दावरून हे नाव पडले. शहामृगाचा या प्रदेशाशी अन्य संबंध नाही.

शंखाची रचना

स्ट्रुथिओलॅरिया पॅप्युलोसा ही न्यूझीलंडमधील जाती सर्वपरिचित आहे. तिचे वर्णन टॉमस मार्टिन यांनी १७८४ मध्ये केले. शंख सुमारे ८ ते ९ सेंमी. लांब असून वेढ्यांच्या खांद्यावर गाठींची रांग असते. कोवळ्या प्राण्यात मुखाची कड पातळ असते. वाढ पूर्ण झाल्यावरच ती जाड व गुळगुळीत होते. त्यामुळे कड पाहून शंख प्रौढ प्राण्याचा आहे की नाही, हे ओळखता येते.

जीवनक्रम

हा प्राणी वाळूत पुरलेला राहतो. सोंडेच्या साहाय्याने तो वाळूत श्लेष्म्याचे अस्तर असलेल्या दोन नळ्या तयार करतो. एकीतून पाणी आत येते, दुसरीतून बाहेर जाते. क्लोमांवरील पक्ष्माभिका पाण्याचा प्रवाह निर्माण करतात. त्यातील अन्नकण श्लेष्म्यात अडकून मुखाकडे नेले जातात. शंखाचे झाकण नखासारखे अणकुचीदार असते. मांसाहारी तारामीनाचा स्पर्श होताच प्राणी पाय व झाकण झटकून उलटसुलट कोलांट्या घेत दूर जातो.

प्रसार व जीवाश्म

न्यूझीलंडखेरीज टायलोस्पायरा ही प्रजाती ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत, तर पेरिसोडोन्टा ही प्रजाती केर्गेलेन व दक्षिण जॉर्जिया या बेटांजवळच्या थंड पाण्यात आढळते. हजारो किलोमीटर अंतरावरील या बेटांवर एकाच कुलाचे प्राणी कसे, याचे उत्तर जीवाश्मांत मिळते. न्यूझीलंडमध्ये क्रिटेशस कल्पाच्या उत्तरार्धातील खडकांपासून, तसेच दक्षिण अमेरिकेचा दक्षिण भाग व अंटार्क्टिका येथील नंतरच्या खडकांत या कुलाचे अवशेष सापडतात. म्हणजे पूर्वी ते दक्षिणेकडील भूखंडांभोवती दूरवर पसरलेले होते. आजच्या जाती त्या प्रसाराचे शेष आहेत. न्यूझीलंडचे पुराजीवशास्त्रज्ञ जॉन मारविक यांनी १९२४ मध्ये या कुलाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील भूस्तरांचा कालक्रम ठरविण्यास हे शंख उपयोगी पडतात.