रानपिंगळ्याचा पुरावा

पक्षी मारून त्याचें कातडें संग्रहालयांत ठेवणें, हाच एके काळीं त्याच्या अस्तित्वाचा पुरावा समजत. खानदेशांत जेम्स डेव्हिडसन यांनीं रानपिंगळ्याचे नमुने असेच जमविले. शेवटचा १८८४ सालचा. पुढें कर्नल माइनर्ट्झहागेन यांनीं १९१४ सालचा म्हणून दाखविलेला नमुना, डेव्हिडसन यांचाच एक चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला! कातडेंहि खोटें बोलतें तें असें.

अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं, तेव्हां धुळें जिल्ह्यांत असलेल्या शहाद्याजवळ, पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट यांना तो जिवंत दिसला. ११३ वर्षांनंतरचा हा पुरावा छायाचित्रांनीं दिला. पक्षी मारावा लागला नाहीं.

पुढें जळगांवकडील यावलच्या रानांतहि तो आढळला. त्याचें चित्र दुरून घ्यावयाचें, तर दूरचित्रणाच्या झूम भिंगामागें टेलिकन्व्हर्टर जोडतात. १.४ पटीच्या जोडभिंगानें ४०० मिलिमीटरचें भिंग ५६० चें होतें, पण प्रकाश निम्मा राहतो. दुप्पट केल्यास चौथाई. सागवानी सावलींत हें उणें फार जाणवतें. तिकाटणें व धीर दोन्हीं लागतात. तरीहि तो तोटा सोसावा. प्रकाश दुसऱ्या दिवशीं पुन्हा येतो; ढोलीपासून बुजलेला पक्षी येईलच असें नाहीं.