नव्या हिऱ्याची जुनी बदनामी

छत्रपती संभाजीनगरच्या सराफ्यात काय किंवा आणखी कुठे काय, लॅबमधल्या हिऱ्याची अंगठी समोर आली की गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले असतात. ‘पण हा खरा आहे ना?’ आणि ‘म्हणजे अमेरिकन डायमंडच ना?’ शंका आजच्या वाटतात, पण त्यांचं कूळ प्रयोगशाळेहून कितीतरी जुनं आहे. नव्या ठिकाणचा हिरा बाजारात आला की आधी त्याच्या खरेपणावरच बोट ठेवायचं, ही जुनीच रीत.

हिऱ्याविषयीच्या समजुतींचा एक जुना झाडा आपल्याच मुलखात घेतला गेला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करायचा. याच निजामशाहीच्या मलिक अंबरने पुढे १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं संभाजीनगर. ओर्ताचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. हिरा घणाने फुटत नाही, हे त्याने खोडून काढलं. हिरा पोटात गेला की माणूस मरतो, हेही त्याने नाकारलं. तरी तुकोबांच्या अभंगातला हिरा ऐरणीवर टिकूनच राहिला आणि आपल्या कादंबऱ्यांतली माणसं हिरकणी खाऊन जीव देतच राहिली. वास्तविक हिऱ्यावर दुसऱ्या हिऱ्याखेरीज सहसा ओरखडा उठत नाही, पण ठरावीक दिशेने घाव बसला तर तो दुभंगतो. गंमत म्हणजे, खणलेल्या जागी दोन-तीन वर्षांत नवे हिरे तयार होतात, असं खुद्द ओर्ताही मानत होता.

अठराव्या शतकापर्यंत जगाचे बहुतेक हिरे भारतातून जात. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले, तेव्हा हे हलके, बनावट असल्याची ओरड युरोपात झाली. यावर पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी तोडगा काढला. ब्राझीलचे हिरे गोव्याला आणायचे आणि तिथून हिंदुस्थानी म्हणून युरोपात विकायचे. खडा तोच, पण गोव्याच्या शिक्क्याने खरा ठरला.

१८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेची पाळी आली. तिथल्या मालाला ‘केप’ म्हणत, आणि पुढे कुठल्याही पिवळसर हिऱ्याला तेच नाव चिकटलं. पण हिऱ्यांसाठी नावाजलेल्या गोवळकोंड्याच्या प्रदेशावर राज्य करणाऱ्या, हैदराबादच्या सहाव्या निजामाने याच आफ्रिकेतून आलेला जेकब हिरा घेतला. १८४.७५ कॅरेटचा हा खडा त्याच्या मुलाने कागदावर वजन म्हणून वापरला. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा याच घराण्याच्या राज्यात होता. भारत सरकारने १९९५ मध्ये निजामाचे दागिने २१८ कोटी रुपयांना घेतले, त्यात हा हिराही आहे.

तिसरा नवखा आला तो यंत्रातून. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, हे स्मिथसन टेनंटने १७९७ मध्येच दाखवलं होतं. १९५३ मध्ये स्वीडनच्या एएसईए कंपनीने हिरे बनवले, पण बोभाटा केला नाही. १६ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये ट्रेसी हॉल यांना यश आलं आणि ते जगाला कळलं. या रीतीत ग्रॅफाइटवर हवेच्या पन्नास-साठ हजार पट दाब आणि दीड हजार अंशांच्या आसपास उष्णता देतात. दुसरी रीत सीव्हीडी. हिऱ्याच्या पातळ चकतीवर मिथेन आणि हायड्रोजनच्या तापलेल्या वायूतून कार्बनचा थरावर थर बसतो आणि काही आठवड्यांत खडा वाढतो. त्या चकतीला ‘सीड’, म्हणजे बी म्हणतात. हिरा पिकतो हे ओर्ताचं म्हणणं खाणीत चुकलं, यंत्रात खरं ठरलं.

तेव्हा हा हिरा नकली नाही. अमेरिकन डायमंड म्हणजे झिर्कोनियमचं ऑक्साइड, त्याची जातच वेगळी. हा हिरा अलीकडचाही नाही. फरशी कापायच्या चक्रीत तो कित्येक वर्षांपासून आहे. वापरून तो धुरकट होत नाही. उष्णतेचं वहन तपासणारं पेन खाणीतल्या हिऱ्यावर वाजतं तसंच याच्यावरही वाजतं, म्हणून भेद ओळखायला प्रयोगशाळेतली यंत्रंच लागतात. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजन असतो, सीव्हीडीत तो जवळजवळ नसतो. कोहिनूरही असाच नायट्रोजनविरहित जातीचा.

दोन गैरसमज विकणाऱ्यांनी पसरवले आहेत. हा हिरा पर्यावरणाला निर्धोक आहे, हा पहिला. तो बनवायला भरपूर वीज लागते आणि आपल्याकडची बहुतेक वीज कोळशाची. बहुतेक नैसर्गिक हिरे जमिनीवर झाडं उगवण्याच्याही आधीचे, त्यामुळे कोळशाचा हिरा कधीच होत नव्हता. आता कोळशाच्या विजेवर मात्र होतो. ही उत्तम गुंतवणूक आहे, हा दुसरा. खाणीला तळ असतो, यंत्रं मात्र वाढवता येतात. म्हणून या हिऱ्याचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळले. खाणीतल्या हिऱ्यांच्या डी बिअर्स कंपनीने २०१८ मध्ये सुरू केलेला लाइटबॉक्स हा लॅब हिऱ्यांचा ब्रँड २०२५ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. अर्थात खाणीतला हिराही मोडीत घालताना दिलेली किंमत क्वचितच परत देतो.

म्हणून दुकानात ‘खरा का?’ असं विचारू नका, खरा तर तो आहेच. खाणीतला की लॅबमधला, हे बिलावर लिहून घ्या. प्रमाणपत्रावरचा क्रमांक खड्याच्या कडेवर लेसरने कोरलाय का, ते भिंगातून पाहा. परत घेताना किती टक्के देणार, तेही लेखी मागा. मग हौसेने घाला, पण सोन्यासारखा अडीअडचणीला कामी येईल या भरवशावर घेऊ नका.