थांबविण्याची विद्या

खंडाळ्याचा घाट उतरत असतां बसमधील उतारूंचे डोळे दरीकडे आणि धबधब्यांकडे लागलेले असतात. गाडीच्या चाकांशीं काय चाललें आहे, याची चौकशी कोणी करीत नाहीं. आपण थोडा हिशेब करून पाहूं. सोळा टन वजनाची एक भरलेली मालमोटार घाटमाथ्यावरून सुमारें १८०० फूट खालीं येते. हा सारा उतार केवळ ब्रेकांच्या बळावर उतरावयाचा म्हटला, तर त्यांत जी उष्णता उत्पन्न होईल, तिनें २५० लिटरांहून अधिक पाणी उकळीस येईल! आणि ही उष्णता सोसावयाची कोणी? चाकांच्या आंतील लोखंडी ड्रमांनीं व त्यांवर घासणाऱ्या अस्तरांनीं. अस्तरें बेसुमार तापलीं कीं त्यांची पकड सुटते. चालक पायाखालची पट्टी दाबीत राहतो आणि गाडी त्याचें ऐकत नाहीं. म्हणून जाणता चालक खालचा गिअर टाकून इंजिनाकडूनच गाडी आवरून धरतो. चार पैशांचें डिझेल वांचावें म्हणून गाडी न्यूट्रलमध्यें सोडणारा तेंच काम एकट्या ब्रेकांवर टाकून मोकळा होतो.

गाडी पळविण्याची विद्या जशी आपल्याकडे परदेशांतून आली, तशीच ती थांबविण्याची विद्याही आली. मात्र ती जरा मागाहून आली. तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

तिचा उगम रेल्वेंत आहे. अमेरिकेंतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८६९ सालीं, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, दाबलेल्या हवेनें चालणाऱ्या ब्रेकाचें पेटंट मिळविलें. पण त्याची खरी करामत पुढें १८७२ च्या सुमारास दिसली. गाडीभर जाणारी नळी त्यानें सदैव हवेनें भरलेली ठेवली, आणि त्या हवेचा दाब उतरला कीं ब्रेक आपोआप लागावा अशी योजना केली. नळी फुटली, डबे सुटले, तरी गाडी थांबणारच. बिघाड झाला असतां यंत्रानें सुरक्षित बाजूस कलावें, हा विचार त्या काळीं नवा होता. आजच्या मालमोटारींतील स्प्रिंगच्या ब्रेकांत तोच विचार आहे: हवा भक्कम स्प्रिंगला मागें रेटून धरते, आणि हवा गेली कीं स्प्रिंग चाक पकडते.

रस्त्यावरील गाड्यांनीं मात्र आधीं निराळी वाट धरली. आल्बेर देवांद्र या बेल्जियन इंजिनिअरनें इंजिनाच्या शोषणशक्तीचा उपयोग करून चालकाच्या पायाला मदत देणारें साधन १९२० नंतरच्या दशकांत पुढें आणलें, आणि इंग्लंडांत लिंकन येथें क्लेटन-देवांद्र या नांवानें तो धंदा वाढला. परंतु पोकळीचें बळ वातावरणाच्या दाबापलीकडे जाऊं शकत नाहीं. शिवाय, डिझेल इंजिनांत ती पोकळी आयती मिळत नाहीं. तीसाठीं वेगळा पंप लावावा लागतो. पंपच लावावयाचा, तर मग हवा दाबणाराच कां लावूं नये? जड गाड्या दाबलेल्या हवेकडे वळल्या, त्याचें एक मोठें कारण हें होय.

आतां आपल्या देशाकडे येऊं. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला होता. भाग परदेशांतून पेट्यांत भरून यावयाचे, ते येथें जुळवावयाचे. १९५३ सालीं, ज्यांना येथेंच भाग तयार करण्याचा कार्यक्रम नसेल त्यांनीं धंदा आवरावा, असें सरकारी धोरण ठरलें, आणि पुढल्या वर्षीं शिवडीचा कारखाना बंद झाला. त्याच १९५४ सालीं टाटांनीं डाइमलर-बेन्झशीं करार करून जमशेदपुरास मालमोटारी काढण्यास आरंभ केला. मद्रासेकडे अशोक कंपनीनें लेलँडशीं हात मिळविला. चौकट, पेटी, इंजिन हें हळूहळू येथें होऊं लागलें. ब्रेकाचें काय? परकीय चलनाची टंचाई होती, आणि प्रत्येक झडप, प्रत्येक रबरी पडदा जर बोटीनेंच यावयाचा, तर बंदरांत अडकलेल्या एका पेटीपायीं कारखान्यांतील रांग ताटकळावयाची.

१९६२ सालीं मद्रासजवळ पाडी येथें सुंदरम-क्लेटन ही कंपनी निघाली. भागीदार तेच लिंकनचे क्लेटन-देवांद्र. त्याच वर्षीं ल्युकस-गर्लिंगच्या साह्यानें ब्रेक्स इंडियाही उभी राहिली. नकाशे तयार मिळाले. तथापि, नकाशांत आपले रस्ते नव्हते. कागदावर दहा टनांची परवानगी असलेल्या गाडीवर पंधरा टन चढविणारा मालक नकाशांत नव्हता. टाकींत सांठलेलें पाणी रोज सोडावें लागतें याची दाद न घेणारा गडीही नव्हता. हवा दाबली कीं तिच्यांतील ओल पाण्याच्या रूपानें टाकीच्या तळाशीं बसते. कोंकणच्या पावसाळ्यांत ती किती बसत असेल! तें पाणी झडपांत शिरलें कीं गंज आलाच. अस्तर झिजलें कीं दांड्याची चाल वाढते, आणि ती बेताची करण्यासाठीं गाडीखालीं निजून पाना फिरवावा लागतो. हें काम आपोआप करणारें साधन निघालें खरें, पण तें महाग. आणि घेणारा ब्रेकाकडे पाहून गाडी घेत नाहीं, किती माल बसतो हें पाहून घेतो. माझ्या मतें या धंद्याची खरी अडचण हीच आहे. गाडीचा कारखानदार मालकाच्या इच्छेप्रमाणें वागतो, आणि ब्रेकवाल्याला कारखानदाराच्या इच्छेप्रमाणें वागावें लागतें. असे मोठे कारखानदार देशांत कित्येक वर्षें दोनच होते. त्यांनीं भावासाठीं ओढून धरलें, तर बिचाऱ्यानें जावें कोठें?

कारागिरींत मात्र हे लोक मागें राहिले नाहींत. १९९८ सालीं सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाला जपानचें डेमिंग पारितोषिक मिळालें. भारतीय कंपन्यांत तो मान तिचा पहिलाच. पुढें तो धंदा वेस्टिंगहाउसच्याच आद्याक्षरांचें नांव मिरविणाऱ्या वाब्कोकडे गेला, आणि २०२० सालीं खुद्द वाब्को जर्मनीच्या झेडएफ कंपनीनें घेतली. चाक निसटूं लागलें कीं ब्रेक क्षणभर सैल करणारी यंत्रणा मात्र मालकांच्या मागणीनें आली नाहीं. नव्या जड मालमोटारींना व बसगाड्यांना ती कायद्यानें सक्तीची झाली, तेव्हां २०१५ साल उजाडलें होतें.

पण कारखान्यांतून निघालेली गाडी वर्ष-दोन वर्षांत रस्त्याकडेच्या गॅरेजांत येते. तेथें दुकानदार दोन डबे पुढें करतो. एकावर कंपनीचें नांव असतें, दुसऱ्यावरही जवळजवळ तेंच असतें, आणि दुसरा बराच स्वस्त असतो. अस्तरें बसवून झाल्यावर दोन्ही गाड्या बाहेरून सारख्याच दिसतात, आणि दोन्ही संध्याकाळीं घाटाला लागतात.