गोड्या पाण्यातले मीठ

श्रोतेहो, मिठाचे पाणी उकळत ठेवा आणि वर झाकण धरा. झाकणाला जमलेला थेंब जिभेवर घेतलात, तर तो खारट लागणार नाही. पाण्याची वाफ होते, मीठ खालीच राहते. समुद्राच्या पाण्याचेही असेच होते, हे ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे.

या साध्या तत्त्वावर पुढे कुवेत शहराची तहान भागली. तिथे नदी नाही. विहिरींचे पाणी थोडे आणि मचूळ. म्हणून इराकमधल्या शत्त-अल्-अरब नदीचे पाणी शिडाच्या गलबतांतून यायचे आणि विकले जायचे. पुढे तेलाचा पैसा आला, वस्ती वाढली, गलबते पुरेनात. १९५३ साली शुवैख येथे समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडे पाणी काढणारा कारखाना चालू झाला. दिवसाला १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ४५ लाख लिटर!

पण पाणी मिळाले म्हणजे काम झाले का? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वाफेच्या पाण्यात ते जवळजवळ नसतातच. असे पाणी अगदी बेचव लागते. शिवाय लोखंडी नळही खाते. आपण विहिरीच्या पाण्याला 'गोड' म्हणतो ना? ती गोडी साखरेची नव्हे, जमिनीतून विरघळलेल्या चुन्यासारख्या क्षारांची असते. कुवेतने मग काय केले? जे मचूळ पाणी नुसते पिववत नव्हते, तेच थोडेसे या पाण्यात मिसळले. पाण्याला चव आली.

कोणता क्षार परत घालायचा, हेही महत्त्वाचे आहे. इस्राएलात अश्केलोन येथे २००५ साली मोठा कारखाना निघाला. तिथे दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून गाळतात. त्या पाण्यात चुना परत घातला, पण मॅग्नेशियम घातले नाही. ते पाणी शेतात गेले, तेव्हा टोमॅटोसारख्या पिकांवर मॅग्नेशियमच्या उणिवेची लक्षणे दिसली. २००७ साली शास्त्रज्ञांनी हे प्रसिद्ध केले.

आज आपल्या गावांतही तसल्याच पडद्याची यंत्रे आली आहेत. पाणी खारे असेल तिथे ती हवीतच. मात्र गुरुजींनो, ग्रामस्थहो, यंत्र बसवणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा: क्षार काढता किती, आणि राखता किती?