काटा, कॅमेरा आणि लिनक्सचा कर्नल

गाळप हंगामात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील साखर कारखान्यांवर उसाचे प्रत्येक वाहन दोनदा काट्यावर चढते. एकदा भरलेले, एकदा रिकामे. दोन वजनांतील फरक हा शेतकऱ्याचा ऊस. ‘काटा मारला’ ही तक्रार ऊसपट्ट्यात जुनी आहे. काट्याची पडताळणी वैधमापनशास्त्र यंत्रणा करते. परंतु काट्याच्या दर्शकावरील आकडा पावतीवर उमटण्यापूर्वी संगणकातून जातो आणि तेथे त्याची ने-आण ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, करीत असतो.

अशा संगणकांवर विंडोजही असते. येथे विचार लिनक्सचा केला आहे, कारण त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. कराडला १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ड्रायव्हर कसे लिहितात हे शिकू पाहणाऱ्यांना या परिसरात संगतीची वाण नाही.

लिनक्समध्ये बहुतेक उपकरणे फाइलच्या रूपाने दिसतात. प्रत्येक उपकरणाला दोन क्रमांक असतात. मुख्य क्रमांक कोणता ड्रायव्हर हे सांगतो, दुय्यम क्रमांक त्या ड्रायव्हरकडील कोणते उपकरण हे सांगतो. सातबारावरील गट आणि पोटहिस्सा यांसारखीच ही रीत. संगणकाच्या पहिल्या सिरियल पोर्टचा मुख्य क्रमांक ४ आणि दुय्यम ६४. ड्रायव्हर कर्नलकडे आपल्या क्रियांची यादी नोंदवतो: उघडणे, वाचणे, लिहिणे, बंद करणे, आणि आवश्यक असल्यास स्मृतीचा नकाशा देणे. प्रोग्रॅमला उपकरणाची अंतर्गत रचना ठाऊक असण्याची गरज राहत नाही.

काट्यासाठी ‘वाचणे’ ही क्रिया पुरते. दर्शकाकडून येणारी सिरियल केबल सेकंदाला ९६०० बिट या वेगाने चालली, तर एका अक्षरामागे १० बिट धरून सेकंदाला फार तर ९६० अक्षरे येतात. कर्नल ती आपल्या स्मृतीत साठवतो आणि प्रोग्रॅमने मागितली की त्याच्या स्मृतीत उतरवून देतो.

खरी अडचण नावांची होते. नव्या संगणकांना बहुधा सिरियल पोर्ट नसतो. यूएसबीचा जोड लावावा लागतो. या जोडांना शून्य, एक असे क्रमांक ते सापडतील त्या क्रमाने मिळतात. दोन काटे एकाच संगणकाला जोडलेले असतील आणि वीज जाऊन आल्यावर क्रम उलटला, तर पहिल्या काट्याच्या नोंदीत दुसऱ्याचे वजन शिरेल. यात कोणाची लबाडी नसेल, नुकसान मात्र खरे असेल. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.६ आवृत्तीने सर्व उपकरणांची एकत्र वंशावळ ‘सिसएफएस’ या रूपात खुली केली. ‘युडेव्ह’ हा प्रोग्रॅम ती वाचून उपकरणांना स्थिर नावे देतो. जोडाचा स्वतःचा अनुक्रमांक असेल तर त्यावरून, नसेल तर तो कोणत्या खाचेत बसवला आहे त्यावरून. स्वस्त जोडांना वेगळा अनुक्रमांक नसतो, हे खरेदी करतानाच पाहिलेले बरे.

वाहनाचे चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याचे गणित निराळे. ६४० गुणिले ४८० बिंदूंचे, प्रत्येक बिंदूला २ बाइट लागणारे एक चित्र ६,१४,४०० बाइटचे होते. सेकंदाला ३० चित्रे घेतली तर १ कोटी ८४ लाखांहून अधिक बाइट. एवढा माल एका स्मृतीतून दुसरीत पुनःपुन्हा उतरवणे व्यर्थ आहे. म्हणून कॅमेऱ्याचा ड्रायव्हर ‘एम-मॅप’ ही सोय देतो. कर्नल स्मृतीचे ४०९६ बाइटच्या पानांत विभाजन करतो (काही प्रोसेसरांवर पान मोठे असते). वरील चित्राला नेमकी १५० पाने लागतात. ड्रायव्हर ज्या पानांत चित्र ठेवतो तीच पाने प्रोग्रॅमच्या पत्त्यांच्या नकाशात जोडली जातात. प्रत एकच राहते, तिच्याकडे जाणाऱ्या वाटा दोन होतात.

याच सोयीत धोका आहे. प्रोसेसरच्या दृष्टीने पुष्कळशा उपकरणांची नियंत्रण-स्थानेही स्मृतीतील पत्त्यांसारखीच असतात. लिनक्समध्ये ‘मेम’ नावाची एक जुनी उपकरण-फाइल आहे. मुख्य क्रमांक १, दुय्यमही १. संगणकाची सारी भौतिक स्मृती तिच्यातून नकाशात आणता येत असे. रूट अधिकार मिळालेला कोणताही प्रोग्रॅम तिच्या आधारे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या स्मृतीतील आकडा, मग तो वजनाचा का असेना, बदलू शकला असता. २००८ च्या सुमारास कर्नलमध्ये असा पर्याय आला की, ही फाइल उपकरणांचे पत्ते दाखवील, पण सामान्य स्मृती दाखवणार नाही. कर्नलची स्वतःची स्मृती उघडी करणारी ‘केमेम’ ही फाइल २०२१ मध्ये ५.१३ आवृत्तीतून काढूनच टाकण्यात आली.

प्रोग्रॅमला उपकरणाशी थेट बोलणे आवश्यकच असेल, तर आता त्यासाठी नेमस्त दारे आहेत. २००७ च्या ‘यूआयओ’मध्ये ड्रायव्हर केवळ त्याच उपकरणाची पाने देतो. मात्र उपकरण स्वतःहून स्मृतीत कोठे लिहिते यावर त्यात पहारा नाही. २०१२ मध्ये ३.६ आवृत्तीत आलेल्या ‘व्हीएफआयओ’ने तो बसवला, ‘आयओएमएमयू’ हे यंत्रांग उपकरणालाही ठरवून दिलेल्या पानांपलीकडे जाऊ देत नाही.

पावती छापणाऱ्या प्रोग्रॅममध्येच कोणी फेरफार केला असेल, तर यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. कर्नलच्या लेखी तो एक साधा, अधिकार असलेला प्रोग्रॅम असतो. तेथे काट्याच्या दर्शकावरील आकडा स्वतः वाचून तो पावतीशी ताडून पाहावा लागतो. त्यासाठी दर्शक वाहनचालकाला दिसेल अशा जागी असला पाहिजे.