न्यायखात्याच्या दफ्तरांतील समाजशास्त्र

इ. स. १८९७ मध्यें एमिल द्युर्केम या फ्रेंच प्राध्यापकाचें ‘आत्महत्या’ हें पुस्तक पॅरिस येथें प्रसिद्ध झालें. स्वतःचा जीव स्वतःच संपविणें याहून अधिक खाजगी कृत्य दुसरें कोणतें असणार? त्याचीं कारणें वेड, नैराश्य किंवा दारिद्र्य अशीं त्या त्या माणसापुरतीं शोधावयाचीं, हीच रूढ रीत होती. जेथें समाजाचा हात मुळींच दिसत नाहीं तेथेंच तो दाखवून दिला, म्हणजे समाजशास्त्र हें स्वतंत्र शास्त्र आहे कीं नाहीं हा वाद मिटेल, असा द्युर्केमचा हिशेब होता.

साधनें मात्र त्याला प्रतिपक्षाकडून मिळालीं. न्यायखात्याच्या आंकडेशाखेचा प्रमुख त्या वेळीं गाब्रिएल तार्द हा होता. समाज म्हणजे माणसांनीं एकमेकांचें केलेलें अनुकरण, व्यक्तींपलीकडे समाज म्हणून निराळें कांहीं नाहीं, हें तार्दचें मत; आणि द्युर्केम तर त्याच मताच्या मुळावर आलेला. तरीही तार्दनें दफ्तर खुलें केलें. द्युर्केमचा भाचा मार्सेल मोस यानें त्यांतील सुमारें २६,००० प्रकरणें वय, लिंग, विवाह आणि मुलेंबाळें यांप्रमाणें वेगळीं केलीं. प्रस्तावनेंत दोघांचे आभार मानले आहेत, आणि आंत एक संपूर्ण प्रकरण अनुकरणाच्या खंडनाला वाहिलेलें आहे! निदान तार्दची दिलदारी तरी मान्य केली पाहिजे.

या आंकड्यांतून विलक्षण गोष्टी निघाल्या. प्रत्येक देशाचें प्रमाण वर्षानुवर्षें जवळजवळ स्थिर होतें. प्रॉटेस्टंटांत तें कॅथॉलिकांपेक्षां जास्त, आणि ज्यू लोकांत बहुधा सर्वांत कमी. ज्यू शिक्षणांत मागें नव्हते, तेव्हां विद्येनें माणूस खचतो ही समजूत टिकेना. छळ सोसून घट्ट झालेली जमात त्यांना सांवरून धरी. मुलाबाळांचें कुटुंबही तसेंच सांवरी.

व्हिएन्नाचा बाजार १८७३ मध्यें कोसळल्यावर आत्महत्या वाढल्या यांत नवल नाहीं. परंतु एकीकरणानंतर इटलींत व्यापार आणि मजुरी चढली, तेव्हांही त्या वाढल्या. एकाएकीं आलेली श्रीमंती इच्छांचा बांध फोडते, आणि किती मिळालें म्हणजे पुरे हें सांगणारें कोणी उरत नाहीं. या नियमशून्य स्थितीला द्युर्केमनें ‘अनोमी’ हें नांव दिलें. उद्योगधंद्यांच्या जगांत ती कायमचीच आहे, असें त्याचें निदान होतें, आणि उपाय म्हणून जुन्या धंदेवाईक संघांसारख्या, पण नव्या काळाला साजेशा संस्था त्यानें सुचविल्या. निदानापुढें हा उपाय फिकाच वाटतो.

सर्वांत कच्चा भाग हिंदुस्थानाशीं संबंधित आहे. समाजांत पूर्ण विरून गेलेला माणूस कर्तव्य म्हणून मरतो, याच्या उदाहरणांत द्युर्केमनें सतीची चाल घातली. १८२९ मध्यें बंगाल इलाख्यांत कायद्यानें बंद झालेल्या या चालींत कित्येक विधवांवर उघड बळजबरी होत असे. ती या वर्गवारींत नाहींशी होते.

आंकड्यांनाही पुढें फेरतपासणी चुकली नाहीं. १९३० मध्यें द्युर्केमच्याच परंपरेंतील मोरिस आल्ब्वाक्स यानें तीं कोष्टकें पुन्हां मांडलीं. कॅथॉलिक पुष्कळसे खेड्यांत राहणारे. तेव्हां त्यांना राखणारा धर्म, कीं गांवचें एकत्र जिणें, हें वेगळें काढतां येत नाहीं, असें त्याला आढळलें.